गडचिरोलीत झोतभट्टी पेटवण्याआधी

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा



गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपण स्वतःकडे ठेवलंत, तेव्हा आम्हा विदर्भातल्या माणसांना मनापासून बरं वाटलं. ज्या जिल्ह्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत चकमकीच्या बातमीखेरीज क्वचितच दिसायचं, त्याच्या उद्योगाची चर्चा आता दावोसला होते. २०२५च्या फेब्रुवारीत नागपूरला जेएसडब्ल्यूने गडचिरोलीत अडीच कोटी टन क्षमतेचा पोलाद प्रकल्प उभारण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या जुलैत कोनसरीला ४५ लाख टनांच्या एकात्मिक पोलाद प्रकल्पाची पायाभरणी आपल्याच हस्ते झाली. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज बाहेर न जाता त्याचं पोलाद जिल्ह्यातच व्हावं, हा आपला आग्रह योग्य आहे. त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही.

माझी विनंती त्या पोलादाच्या रीतीबद्दल आहे. ती आधीच स्पष्ट सांगतो, कारण आपला वेळ मोलाचा आहे. गडचिरोलीत नवी झोतभट्टी, म्हणजे कोकवर चालणारी ब्लास्ट फर्नेस, उभी राहू देऊ नका. लोखंड काढायचं तर ते वायूवर चालणाऱ्या उभ्या शाफ्ट भट्टीत काढायला लावा, आणि त्या भट्टीत हरित हायड्रोजन, म्हणजे अपारंपरिक विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन, कोणत्या वर्षी किती जाईल, हे जमिनीच्या आणि सवलतींच्या करारातच लिहून घ्या. हा निर्णय येत्या दोन-तीन वर्षांत होऊन जाणार आहे. एकदा झाला की तो बदलायला आपल्यानंतरच्या चार-पाच मुख्यमंत्र्यांनाही जमणार नाही.

असं का म्हणतो, ते सांगतो.

लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. पोलाद करायचं म्हणजे आधी तो ऑक्सिजन काढून घ्यायचा. शाळेच्या पुस्तकात याला क्षपण म्हणतात. आधुनिक उद्योगात हे काम मुख्यतः कोक करत आला आहे. कोक म्हणजे हवाबंद भट्टीत भाजलेला विशिष्ट जातीचा कोळसा. त्यातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन वर निघून जातो. म्हणजे पोलाद कारखान्याचा धूर हा नुसता जळणाचा धूर नसतो, तो त्या रासायनिक क्रियेचाच भाग असतो. म्हणून कारखान्याच्या छपरावर कितीही सौर पट्ट्या बसवल्या, आवारात कितीही झाडं लावली, तरी झोतभट्टीचा कार्बन थांबत नाही. तो थांबवायचा तर ऑक्सिजन ओढणारा पदार्थच बदलावा लागतो. हायड्रोजनने तोच ऑक्सिजन ओढला तर भट्टीतून पाण्याची वाफ बाहेर पडते. एवढी ही साधी गोष्ट आहे, आणि म्हणूनच जगभरचे धातुतज्ज्ञ तिच्यामागे लागले आहेत.

झोतभट्टीतून टनभर पोलाद निघतं तेव्हा साधारण सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताची सरासरी त्याहूनही वाईट, अडीच टनांच्या आसपास आहे. जाहीर झालेले अडीच कोटी टन सगळे याच रीतीने झाले, तर एकट्या त्या प्रकल्पातून वर्षाला साडेपाच कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघेल. माझ्या हिशेबाने हे २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर औष्णिक केंद्रासारख्या तीनहून अधिक केंद्रांएवढं होतं. चंद्रपूरकरांनी एका केंद्राबरोबर काय सोसलं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता इतिहासातली एक गोष्ट, कारण ती याच मातीतली आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन तज्ज्ञाने तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली, जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल एक अहवाल लिहिला. लोहाऱ्याच्या डोंगरात उत्तम खनिज आहे, जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, इथे लोखंडाचा कारखाना होऊ शकेल, असा त्याचा सूर होता. नागपूरला एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती तो अहवाल पडला आणि पोलादाची कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की झाली ती चांद्याच्या खनिजावरून. पण वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला, तेव्हा तो झोतभट्टीसाठी निरुपयोगी ठरला. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. बेत बारगळला. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी पुन्हा चांद्यापर्यंत आले, नागपूरच्या संग्रहालयातल्या भूगर्भ नकाशावरून दल्ली-राजहराच्या लोहखनिजाकडे गेले, आणि शेवटी कारखाना झाला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चांद्याचं लोखंड जागेवरच राहिलं, कारण त्याला साजेसा कोळसा इथे नव्हता.

तो आजही नाही. आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशाचा कोक होत नाही. देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशापैकी सुमारे ८५ टक्के आयात होतो, सर्वाधिक ऑस्ट्रेलियातून. गडचिरोलीत झोतभट्टी लागली तर तिचा कोळसा समुद्रापार खणला जाईल, बंदरावर उतरेल आणि शेकडो किलोमीटर रेल्वेने येईल. टनभर पोलादाला पाऊण टनाहून अधिक कोळसा लागतो, तेव्हा ही ने-आण किती मोठी असेल याचा अंदाज करा. खनिज आपलं, जंगल आपलं, पाणी आपलं, धूर आपल्या वाट्याला, आणि त्या पोलादाच्या खर्चातला एक मोठा हिस्सा दरवर्षी परदेशी कोळशापायी देशाबाहेर. ऊन मात्र विदर्भाला कुणाकडून विकत घ्यावं लागत नाही. १८८२ साली जी अडचण होती, ती ओलांडायची वाट आज पहिल्यांदाच खुली झाली आहे.

कुणी आपल्याला सांगेल की आधी झोतभट्टी लावू, मग हळूहळू तिच्यात हायड्रोजन सोडू. हे अर्धसत्य आहे. टाटा स्टीलने २०२३च्या एप्रिलमध्ये जमशेदपूरच्या एका झोतभट्टीत हायड्रोजन सोडण्याची चाचणी केली, आणि तो चांगला अनुभव होता. पण भट्टीत कोक उष्णता देण्याखेरीज आणखी दोन कामं करतो. तो ऑक्सिजन ओढतो, आणि वरच्या खनिजाचा शेकडो टनांचा भार पेलून वायूला वाट मोकळी ठेवतो. पहिलं काम थोडंफार हायड्रोजनला देता येतं, दुसरं देता येत नाही. म्हणून झोतभट्टीत कितीही हायड्रोजन सोडला तरी कार्बनची घट मर्यादितच राहते. झोतभट्टी म्हणजे घरची चूल नव्हे, की आज लाकूड घातलं आणि उद्या गॅस जोडला. शिवाय ती एकदा पेटली की पंधरा-वीस वर्षं विझत नाही. मग आतल्या विटा बदलून पुन्हा पेटवतात. २०३० साली पेटवलेली भट्टी २०७० साली, म्हणजे भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलेल्या वर्षीही, जळत असू शकते.

दुसरी एक रीत आपल्याकडे फार चालते, तिच्याबद्दलही सावध करणं मला भाग आहे. जगात सर्वाधिक स्पंज आयर्न भारतात होतं आणि त्यातलं बहुतेक कोळशावरच्या फिरत्या किल्नमध्ये. माझ्या नोकरीची पहिली वर्षं चंद्रपूर परिसरातल्या अशाच एका कारखान्यात गेली. किल्न म्हणजे आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर लावलेलं, किंचित उतरतं, लांबलचक पोलादी नळकांडं. वरच्या तोंडाने खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट घालायचा. नळकांडं संथपणे फिरत राहतं. हजार अंशांच्या आसपास तापमानात तासन् तास भाजत माल दुसऱ्या टोकाला येतो. बाहेरून पाणी सोडून तो थंड करायचा आणि चुंबकावरून न्यायचा. लोखंड चुंबकाला धरून राहतं, अर्धवट जळालेला कोळसा आणि राख खाली पडते. त्याला आम्ही डोलोचार म्हणायचो. हातात घेतलं तर स्पंजचा खडा खनिजापेक्षा हलका लागतो, कारण ऑक्सिजन निघून गेल्याच्या जागी बारीक छिद्रं राहिलेली असतात.

लोखंड वाईट नव्हतं. पण रात्रपाळीत वीज वाचवायला धूळ पकडणारी ईएसपी बंद ठेवली जायची, आणि सकाळी शेजारच्या वावरात कापसाच्या फुटलेल्या बोंडांवर काळी पूड बसलेली असायची. वेचणीच्या बाया बोंडं झटकून झटकून ओटीत टाकायच्या. काळपट कापसाला जिनिंगवर भाव पाडून मिळायचा. तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला गेटवरूनच परत पाठवलं जाताना मी पाहिलं आहे. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, ही धूळ दिसते. दोन्ही एकाच कोळशाची पोरं आहेत. गडचिरोलीत शंभर लहान किल्न उभे करून रोजगाराचा आकडा वाढवता येईल, पण त्यापायी धान आणि कापूस पिकवणाऱ्या गावांना जे भोगावं लागेल, ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उभ्या शाफ्ट भट्टीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात वरून खनिजाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, सोडतात आणि खालच्या अंगाने तापलेला वायू वर जातो. लोखंड वितळत नाही, घन अवस्थेतच ऑक्सिजन सोडतं, आणि मग ते विजेच्या चाप भट्टीत वितळवतात. कोक कुठेच लागत नाही. हे तंत्र महाराष्ट्राला नवीन नाही. रायगड जिल्ह्यात डोलवीला आणि साळावला नैसर्गिक वायूवरच्या अशा भट्ट्या नव्वदच्या दशकातच उभ्या राहिल्या. एक मिडरेक्स पद्धतीची, दुसरी एचवायएल पद्धतीची. म्हणजे जगात चालणाऱ्या दोन्ही प्रमुख पद्धती आपल्या कोकणातल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी हाताळलेल्या आहेत. मिडरेक्स भट्टीत जो वायू जातो, त्यात निम्म्याहून अधिक भाग आजही हायड्रोजनचाच असतो. तो नैसर्गिक वायूपासून काढलेला असतो इतकंच. त्या जागी हरित हायड्रोजनचं प्रमाण वाढवत न्यायचं, तर भट्टी पाडावी लागत नाही. वायू तापवण्याची सोय वाढवावी लागते, कारण हायड्रोजनची क्रिया उष्णता खाते. चाप भट्टीत थोडा कार्बन वेगळा द्यावा लागतो. हायड्रोजनची ज्वाळा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून गळती पकडण्याची व्यवस्था कडक ठेवावी लागते. हे सगळं अभियंत्यांच्या आवाक्यातलं आहे.

आणि शाफ्ट भट्टी वायूचा उगम विचारत नाही. ओडिशात अंगुलला तीच भट्टी कोळशापासून केलेल्या वायूवर चालवून दाखवली गेली. मुंबईहून नागपूरकडे येणारी गेलची वायुवाहिनी पुढे गडचिरोलीपर्यंत आणता आली, तर सुरुवात नैसर्गिक वायूवर होऊ शकते. तेवढ्यानेच झोतभट्टीच्या तुलनेत कार्बन सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. पुढे दिवसा सौर वीज भरपूर असताना हायड्रोजन वाढवायचा, रात्री नैसर्गिक वायू वाढवायचा. हायड्रोजन स्वस्त होईल तसतसा वायूचा वाटा कमी करायचा. कोकिंग कोळशाच्या वाटेवर अशी एकही पायरी नाही.

हरित हायड्रोजनवर पोलाद होतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. स्वीडनमध्ये एसएसएबी, एलकेएबी आणि वॅटनफॉल या तीन कंपन्यांनी हायब्रिट नावाने २०१६ साली काम सुरू केलं, लुलेओला प्रायोगिक भट्टी उभी केली आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये त्या लोखंडाचं पहिलं पोलाद व्होल्वोला दिलं. आपल्या देशातही कर्नाटकात जेएसडब्ल्यूच्या विजयनगर कारखान्यात वर्षाला ३,८०० टन हरित हायड्रोजन देणारा प्रकल्प २०२५च्या अखेरीस सुरू झाला. तो तिथल्या स्पंज आयर्नच्या भट्टीसाठीच आहे. निव्वळ हायड्रोजनचा हिशेब केला तर एवढ्यात सत्तर हजार टन लोखंड निघेल. आकडा लहान आहे, पण ज्या उद्योगसमूहाने तो उभारला तोच गडचिरोलीत येतो आहे. विजयनगरला जे केलं ते गडचिरोलीत अधिक मोठ्या प्रमाणावर करा, असं आपण हक्काने म्हणू शकता.

प्रश्न आहे तो विजेचा, आणि इथे मला कुणाचीच दिशाभूल करायची नाही. टनभर लोखंडाला सुमारे ५४ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज. म्हणजे टनामागे हायड्रोजनपुरतीच जवळजवळ ३,००० युनिट, आणि वायू तापवणं व चाप भट्टी धरली की साडेतीन हजारांच्या पुढे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज तीन वर्षं पुरते. वर्षाला १० लाख टन लोखंड करायचं तर ३५० कोटी युनिट लागतील. त्यासाठी दोन हजार मेगावॅटहून अधिक सौर प्रकल्प आणि आठ ते दहा हजार एकर जमीन लागेल. राज्याच्या २०२३च्या हरित हायड्रोजन धोरणाने २०३०पर्यंत वर्षाला पाच लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. तो सगळाच्या सगळा पोलादाला दिला, तरी त्यात ९०-९२ लाख टन लोखंड होईल. खतं आणि तेलशुद्धीकरणही त्याच हायड्रोजनची वाट पाहत आहेत.

तेव्हा अडीच कोटी टन पोलाद पहिल्या दिवसापासून हायड्रोजनवर करा, असं मी म्हणत नाही. ते होणार नाही. पहिली दहा लाख टनांची एक भट्टी हायड्रोजनसाठी सर्वार्थाने सज्ज असावी, आणि नंतरच्या प्रत्येक भट्टीला मागच्या भट्टीच्या अनुभवावर वाढता वाटा ठरवून द्यावा, एवढं नक्की होण्यासारखं आहे.

या हिशेबातली सगळ्यात धोक्याची जागा मात्र दाखवून ठेवतो. हायड्रोजन महावितरणच्या साध्या जोडणीवर, म्हणजे मुख्यतः कोळशाच्या विजेवर केला, तर सगळं मुसळ केरात जातं. आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तीन हजार युनिटांचे झाले दोन टनांच्या वर. म्हणजे झोतभट्टीचा धूर कोनसरीहून उचलून चंद्रपूरच्या धुराड्यात नेऊन ठेवल्यासारखं होईल. केंद्राने २०२३च्या ऑगस्टमध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली, त्यात किलोमागे दोन किलोंची मर्यादा आहे. ती पाळली जाते की नाही हे वर्षाच्या बेरजेवर पाहू नका. दिवसा जास्तीची सौर वीज ग्रिडला दिली आणि रात्री कोळशाची घेतली, की कागदावर बेरीज जुळते आणि हवेत जुळत नाही. हिशेब तासागणिक मागा.

आणि सौर पट्ट्यांसाठी गडचिरोलीचं जंगल तोडू देऊ नका. या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे, आणि २००९ साली मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून हा जिल्हा ग्रामसभेच्या हक्कांसाठी देशात ओळखला जातो. वीज तारेतून येते, ती कारखान्याच्या दारातच तयार व्हायला हवी असं नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या संपलेल्या खुल्या कोळसा खाणी, मातीचे उंच ढिगारे, पश्चिम विदर्भ आणि मराठवाड्यातलं पडीक रान, पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरचा वारा, आणि रात्रीसाठी सह्याद्रीतले उदंचन जलविद्युत प्रकल्प, यांची सांगड घालायला राज्य सरकारच हवं. एकट्या कारखानदाराच्या हातची ती गोष्ट नाही.

पाण्याबद्दलही शंका घेतली जाईल. घ्यायलाच हवी. किलोभर हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरण आणि थंडावा धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण भट्टीतून जी वाफ निघते ती निववली की बरंचसं पाणी परत मिळतं. झोतभट्टी, कोक ओव्हन आणि त्यांची धुलाई यांनाही काही कमी पाणी लागत नाही. वैनगंगेचं पाणी आज गोसीखुर्दखालच्या धानालाही पुरेसं मिळत नाही, म्हणून कोणत्याही कारखान्याला पाणी देताना वापर आणि पुनर्वापर यांचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

आता आपले सचिव युरोपचा दाखला देतील, आणि तो खरा आहे. २०२५च्या जूनमध्ये आर्सेलर-मित्तलने जर्मनीत ब्रेमेन आणि आयझेनहुटनश्टाट इथले झोतभट्टीकडून अशा भट्टीकडे वळण्याचे बेत सोडून दिले, तेही १.३ अब्ज युरोंची सरकारी मदत हाताशी असताना. वीज परवडत नाही, हायड्रोजन मिळत नाही, मागणी मंदावली, अशी त्यांची कारणं. पण तिथे प्रश्न चालू भट्टी मोडून नवी बांधण्याचा होता, आणि पोलादाची मागणी वाढत नाही अशा देशात होता. आपल्याकडे भट्टी अजून बांधायचीच आहे, आणि मागणी इतकी आहे की २०३०पर्यंत देशाची क्षमता तीस कोटी टनांवर नेण्याचं धोरण २०१७पासून आहे. युरोपची माघार आपल्याला एवढंच शिकवते, की हायड्रोजन येईल या भरवशावर भट्टी बंद ठेवून बसू नये. तिला चालायला आधी नैसर्गिक वायू असला पाहिजे. उलट त्याच युरोपने १ जानेवारी २०२६पासून आयात पोलादावर कार्बनचा आकार लागू केला आहे, त्याचं काय, हेही सचिवांना विचारा.

पैशांचं म्हणाल, तर हायड्रोजनचा दर किलोला ३०० रुपये धरल्यास टनाला सोळा हजारांहून अधिक खर्च एकट्या हायड्रोजनवर होतो. सळईचा बाजारभाव टनाला पन्नास हजारांच्या आसपास असताना हा बोजा मोठा आहे. कारखानदार तो आपणहून उचलणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तोच बोजा गिऱ्हाइकाच्या बाजूने मोजून पाहा. हजार चौरस फुटांच्या घराला साधारण चार टन सळई लागते. सळई टनाला सोळा हजारांनी महागली, तर वीस लाखांच्या बांधकामात चौसष्ट हजार वाढतात, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं अधिक.  टनावर जड वाटणारा खर्च बांधकामावर पसरला की पेलतो. फक्त पहिला खात्रीचा गिऱ्हाईक कुणीतरी व्हायला हवं.

तो गिऱ्हाईक आपलं सरकार आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, एमएमआरडीए, महामेट्रो, जलसंपदा, म्हाडा, सिडको हे सगळे मिळून जेवढं पोलाद घेतात, तेवढं राज्यात क्वचितच दुसरं कुणी घेत असेल. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने २०२४च्या डिसेंबरमध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांच्या खाली कार्बन असेल तर तारे मिळतात, १.६च्या खाली असेल तर पाच. आपल्या निविदांमध्ये एक ओळ घालायची आहे: ठराविक वर्षापासून ठराविक टक्के पोलाद तारांकित हवं, आणि तो टक्का दरवर्षी वाढेल. ही ओळ पडली की बँका कर्ज द्यायला पुढे येतील, आणि जालन्याच्या सळई कारखान्यांनाही गडचिरोलीच्या स्वच्छ स्पंजची गरज भासेल. त्यांच्या इंडक्शन भट्ट्या आधीच विजेवर चालतात, भंगार आणि स्पंज हाच त्यांचा कच्चा माल आहे. चांगला स्पंज आणि सौर वीज मिळाली तर देशातली सगळ्यात स्वच्छ टीएमटी सळई जालन्यातून निघू शकते.

राज्याचं हरित हायड्रोजन धोरण ८,५६२ कोटी रुपयांचं आहे. त्यातली मदत वाटून वाटून पातळ करण्याऐवजी एक ठसठशीत वाटा गडचिरोलीच्या पहिल्या भट्टीसाठी बाजूला काढा. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनमध्ये पोलादाच्या प्रयोगांसाठी ४५५ कोटींची तरतूद आहे, ती महाराष्ट्रात आणायला आपलं वजन वापरा. आणि माणसं तयार करा. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, आयटीआय आहेत, नागपूरला व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा जुना आणि नावाजलेला विभाग आहे. पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर, उच्च दाबाचा वायू, चाप भट्टी यांचं शिक्षण आजपासून सुरू केलं, तर भट्टी पेटेल तेव्हा तिच्या नियंत्रण कक्षात एटापल्ली आणि चामोर्शीची मुलं-मुली बसलेली असतील. नाहीतर बाहेरून आलेले लोक पॅनेलवर आणि स्थानिक लोक ट्रक झाकायला, हे चित्र आम्ही कोळसा खाणींत एकदा पाहिलं आहे.

साहेब, आपल्यापुढे प्रकल्पांच्या फाइली येतात, त्यांत गुंतवणुकीचा आकडा पहिल्या पानावर असतो आणि भट्टीचा प्रकार कुठेतरी परिशिष्टात. मंजुरीची सही करण्याआधी ते परिशिष्ट उघडायला लावा. झोतभट्टी असेल तर फाइल परत पाठवा आणि शाफ्ट भट्टीचा आराखडा मागवा. वायुवाहिनीच्या फाट्यासाठी केंद्राशी आत्ताच बोला. निविदांमधली ती एक ओळ येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आत घाला. या तिन्ही गोष्टी आपल्या अधिकारातल्या किंवा आवाक्यातल्या आहेत, आणि तिन्हींसाठी आज एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

आपला विश्वासू,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक निवृत्त धातुअभियंता